प्रवेश माफ, सोबत्याचे तिकीट मात्र लागते: एका उद्यानाचा आणि एका संग्रहालयाचा अनुभव

दिव्यांगांना प्रवेशशुल्क माफ असलेले एक सार्वजनिक उद्यान आणि एक संग्रहालय आम्ही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एकाच दिवशी पाहिले. दोन्ही ठिकाणे एकाच शहरात, आमच्या गावापासून एसटीने पावणेदोन तासांवर आहेत. त्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण मला दिसलेल्या उणिवा त्या दोन ठिकाणांपुरत्या नाहीत आणि खिडकीवर बसलेल्या माणसांनी त्यांना नेमून दिलेल्या नियमाप्रमाणेच काम केले. मला परीक्षण करायचे आहे ते त्या माफीचे. ती मागताना काय करावे लागते, ती कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे अडते, हे ज्यांना घरातल्या दिव्यांग माणसाला घेऊन जायचे आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

मी तीन वर्षांचा असताना मला पोलिओ झाला. डावा पाय पूर्ण गेला आणि उजवा निम्मा राहिला. कॅलिपर, म्हणजे पायाला पट्ट्यांनी बांधायचा सळ्यांचा आधार, आणि दोन कुबड्या यांच्या आधाराने मी जिल्हा परिषदेच्या शाळांत एकोणतीस वर्षे गणित शिकवले आणि आता निवृत्त आहे. माझ्या प्रमाणपत्रावर ७० टक्के दिव्यांगत्वाची नोंद आहे. सोबत माझी पत्नी होती आणि शेजारच्या घरचा चौदा वर्षांचा मुलगा होता. तो जन्मापासून अंध आहे, निवासी अंध विद्यालयात शिकतो आणि सुट्टीपुरता घरी आला होता. त्याचे आईवडील कापसाच्या वेचणीत अडकलेले असल्यामुळे त्याला कुठे नेण्याची त्यांना सवड नव्हती, म्हणून आम्ही त्याला सोबत घेतले.

एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मी सातवीत असताना आमच्या शाळेची सहल नागपूरला जाणार होती आणि त्यात १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडचा अजब बंगला, दाखवणार होते. सहलीची वर्गणी चार रुपये होती आणि वडिलांनी ती सर्वांच्या आधी भरली होती. निघण्याच्या दोन दिवस आधी गुरुजी घरी आले, ‘याला गाडीतून उतरवणार कोण, उचलणार कोण’ असे म्हणाले आणि चार रुपये वडिलांच्या हातावर ठेवून गेले. गुरुजी वाईट नव्हते. त्यांच्याबरोबर एकच शिक्षक होता आणि मुले बेचाळीस होती. पैसे परत आले आणि मी घरी राहिलो. पैसे न लागणे आणि आत जाता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले आणि या प्रवासात मी दोन्हींचा हिशेब वेगवेगळा ठेवला.

आधी पैशांचा हिशेब सांगतो. एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, ती मला आणि त्या मुलाला मिळाली. पत्नीला महिलांच्या योजनेत अर्धे तिकीट पडले. बसस्थानकावरून मात्र ऑटोशिवाय गत्यंतर नव्हते, आणि उद्यान, संग्रहालय व परत बसस्थानक असे तीन फेऱ्यांचे मिळून ३२० रुपये झाले. उद्यानात आणि संग्रहालयात प्रत्येकी मोठ्यांना २० रुपये आणि मुलांना १० रुपये तिकीट आहे. म्हणजे आम्हा दोघांना झालेली माफी दोन्हीकडची मिळून ६० रुपयांची होती, आणि पत्नीच्या तिकिटांचे ४० रुपये आम्ही भरले. हे आकडे पाहून कोणी म्हणेल की साठ रुपयांसाठी एवढे लिहायचे कशाला. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते आणि दिव्यांग माणसामुळे एका कमावत्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते, त्या घरात साठ रुपये कमी नाहीत. शिवाय ‘तुम्हीही यावे, अशी आमची अपेक्षा आहे’ हे सांगण्याची सार्वजनिक जागेची पहिली रीत म्हणजे तिच्या दरफलकावरची ती एक ओळ असते. ती असावी, असे मला मनापासून वाटते.

उद्यानाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तिकीटघरात माझ्या कुबड्या पाहून तेथल्या मुलीने काहीही न विचारता ‘तुम्ही जा काकाजी’ म्हटले, याचे मला बरे वाटले. अडचण त्यानंतर आली. आत जाण्यासाठी माणसांची मोजदाद करणारे फिरते लोखंडी फाटक होते. त्याच्या दोन दांड्यांमधून एक सडसडीत माणूस जेमतेम निघतो, दोन कुबड्या टेकत चालणारा निघत नाही आणि चाकांची खुर्ची तर नाहीच नाही. बाजूला मोठे फाटक होते आणि त्याला कुलूप होते. किल्ली चौकीदाराकडे, चौकीदार चहाला. आम्ही सव्वीस मिनिटे उन्हात उभे राहिलो. तो आला, मनापासून ओशाळला आणि त्याने फाटक उघडले. परत निघताना तो स्वतः तेथे हजर होता. आतील वाटा पेव्हर ब्लॉकच्या आहेत, पण ठिकठिकाणी ते उखडलेले असल्यामुळे कुबडीचे टोक फटीत जाते. दिव्यांगांसाठीचे स्वच्छतागृह बांधलेले आहे, दारावर चाकांच्या खुर्चीचे चित्रही आहे, आणि आत झाडू, पाण्याचे पाईप व रंगाचे डबे ठेवलेले आहेत. उद्यानाला माझा गुण काठावर पास होण्यापुरताच, आणि तोही खिडकीवरच्या त्या मुलीमुळे.

संग्रहालयात आम्ही साडेतीन तास होतो आणि त्याविषयी सविस्तर लिहायला हवे.

तिकीटखिडकीशेजारी दरफलक आहे. प्रौढ, मुले, विद्यार्थ्यांचे गट, कॅमेरा असे दर वरून खाली मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहेत, आणि ‘दिव्यांग व्यक्तींना प्रवेश निःशुल्क’ ही ओळ सर्वांत खाली आहे. आम्ही गेलो तेव्हा दिवाळीच्या शुभेच्छांच्या एका फलकाची कड तिच्यावर आली होती आणि ‘निःशुल्क’ एवढाच शब्द उघडा होता. ज्याला ही माफी ठाऊक आहे तो ती मागेल, पण आमच्या भागातून येणाऱ्या दहा माणसांपैकी किती जणांना ती ठाऊक असेल, हा प्रश्न मला पडला. आमच्यासोबतच्या मुलाला तर तो फलक असून नसल्यासारखाच होता. ही ओळ सर्वांत वर असावी आणि खिडकीवरच्या माणसाने ती तोंडाने सांगावी, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल.

खिडकीवर मी यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे ओळखपत्र, दाखवले. कारकुनाने एक रजिस्टर काढले. त्यात नाव, गाव, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी, कार्ड क्रमांक आणि सही असे रकाने होते. माझी नोंद झाली. मुलाची पाळी आली तेव्हा त्याने कार्ड पाहून नोंद केली आणि काही न बोलता शाईचा पॅड पुढे सरकवला. पॅड सरकल्याचा आवाज मुलाने बरोबर ओळखला असावा, कारण तो लगेच म्हणाला, ‘मला सही येते.’ कारकुनाने पॅड बाजूला घेतला आणि पेन दिले. मी रकान्याच्या खालच्या रेघेवर माझे बोट आडवे धरले, आणि त्या बोटाला पेन टेकवत त्याने आपले पूर्ण नाव देवनागरीत लिहिले. शेवटचे अक्षर शेजारच्या रकान्यात गेले, बाकी सही स्पष्ट होती. मागे बारा-पंधरा माणसांची रांग थांबली होती आणि सगळ्या नोंदींना सात मिनिटे लागली. मला कारकुनाला दोष द्यायचा नाही, पण वीस रुपये देणारा माणूस अर्ध्या मिनिटात आत जातो आणि माफी असलेल्या माणसाला आपल्या शरीराची टक्केवारी रांगेसमोर लिहून द्यावी लागते, ही रीत बदलायला हवी. कार्ड पाहावे, शून्य रुपयांचे तिकीट फाडावे आणि आत सोडावे. हिशेबासाठी तिकिटाचे ते अर्धुक पुरेसे आहे.

मग पत्नीच्या तिकिटाचा प्रश्न आला. कारकून म्हणाला, ‘काकाजी, तुमचं अन् पोराचं माफ आहे जी. बाईंचं तिकीट लागते.’ त्यावर पत्नी म्हणाली, ‘मी पाह्याले नाही आली जी, यायले धराले आली.’ तो हसला, पण त्याच्याकडे दुसरा नियम नव्हता, आणि आम्ही वीस रुपये दिले.

पत्नीचे हे वाक्य शब्दशः खरे होते. त्या साडेतीन तासांत तिने तिच्या आवडीची एक गोष्ट थांबून पाहिली असेल तर ती गोंडी दागिन्यांची पेटी, आणि तीही मी बाकावर बसलो होतो तेवढ्या वेळात. एरवी तिचा एक हात मुलाच्या हातात होता आणि दुसरा माझ्या पाठीशी. पायरी आली की ती आधी माझ्याकडे बघे, मग मुलाला ‘तीन आहेत, चढ’ म्हणे. ती नसती तर आम्हा दोघांची माफी वापरलीच गेली नसती, कारण आम्ही गावच सोडले नसते. ज्याच्यावाचून दिव्यांग माणूस येऊच शकत नाही त्याच्याकडून तिकीट घ्यायचे आणि दिव्यांगाला प्रवेश माफ म्हणायचे, यात ती माफी निम्मीच राहते.

ही मागणी जगावेगळी नाही, कारण आपल्याच राज्यात आणि देशात हे तत्त्व मान्य झालेले आहे. ६५ टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या प्रवाशाच्या सोबत्याला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. रेल्वेत, सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि पूर्ण अंध प्रवाशाला जेवढी सवलत मिळते तेवढीच त्याच्या एका सोबत्यालाही मिळते. पॅरिसचे लुव्र संग्रहालय आणि टोकियोचे राष्ट्रीय संग्रहालय दिव्यांग व्यक्तीबरोबर तिच्या एका सोबत्यालाही विनामूल्य आत सोडतात. म्हणजे ज्या एसटीतून आम्ही तिघे संग्रहालयाच्या शहरापर्यंत आलो तिच्या नियमांत सोबत्याला जागा आहे आणि संग्रहालयाच्या खिडकीवर ती नाही.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो, कारण गावात याविषयी दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते यात एकवीस झाले. त्याच्या कलम २९ नुसार दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवन जगता यावे आणि मनोरंजनात भाग घेता यावा, यासाठी शासनाने आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी उपाय करायचे आहेत. त्याआधी २००७ साली भारताने मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही कलम ३० मध्ये हेच तत्त्व आहे. पण प्रत्येक बागेत आणि प्रत्येक संग्रहालयात तिकीट शून्य असावे, असे वाक्य या कायद्यात नाही. ते ज्या त्या संस्थेने, नगरपरिषदेने किंवा विभागाने ठरवायचे असते, म्हणून एका शहरातली माफी शेजारच्या शहरात नसू शकते, आणि म्हणूनच जाण्यापूर्वी फोन करून विचारणे शहाणपणाचे ठरते. सेवाग्रामच्या आश्रमासारख्या ठिकाणी, जेथे कोणालाच प्रवेशशुल्क नाही, तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

आत शिरताना तीन पायऱ्या आहेत आणि शेजारी उतार बांधलेला आहे. गणिताच्या शिक्षकाच्या सवयीने मी तो मोजला. पायरी सहा इंचांची, म्हणजे चढ एकूण दीड फूट. चाकांच्या खुर्चीच्या उतारासाठी नेहमी धरतात ते एकास बारा हे प्रमाण घेतले, तर दीड फूट चढण्यासाठी उताराची लांबी अठरा फूट हवी. येथे ती आठ फूट आहे. चाकांची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत कोणी या उतारावर चढू शकणार नाही, आणि कुबडीवाल्याला तर असा उभा उतार पायऱ्यांपेक्षाही वाईट, कारण त्यावर कुबडीचे टोक सरकते. मी पायऱ्यांनीच गेलो; तेथे कठडा असता तर एकटाही गेलो असतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक करण्यास केंद्र सरकारला सांगितले आहे. त्याचा लाभ तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांपर्यंत लवकर यावा, अशी माझी फार इच्छा आहे. उतार बांधताना पैसे खर्च झालेच आहेत. दहा फूट आणखी बांधले असते तर तो उपयोगी पडला असता.

एका दालनात पादत्राणे बाहेर काढावी लागतात. माझा बूट कॅलिपरच्या सळ्यांना खालून जोडलेला आहे. बूट काढायचा तर मांडीपासूनचे चार पट्टे सोडून अख्खा कॅलिपर उतरवावा लागतो, आणि मग उभेच राहता येत नाही. मी दाराशी थांबलो आणि ‘तुम्ही दोघे पाहून या’ म्हणालो. तेथला पहारेकरी पन्नाशीचा असावा. त्याने माझा पाय पाहिला, काहीही न विचारता आत जाऊन तरटाचा एक लांब तुकडा आणला आणि दारापासून पहिल्या पेटीपर्यंत अंथरला. मी त्यावरून चाललो. पेटी पाहून झाली की तो तरट पुढे ओढून अंथरी. सहा पेट्या होत्या आणि त्याने सहा वेळा तरट ओढले. त्याच्यापुरते बोलायचे तर मला दहापैकी दहाच गुण द्यावे लागतील.

मुलाच्या दृष्टीने मात्र पहिले दोन तास कठीण गेले. सगळे काचेआड. पत्नी वाचून दाखवत होती, मी समजावत होतो, तो मान हलवत होता, आणि त्याला कंटाळा आला आहे हे आम्हा दोघांना कळत होते. ब्रेलमधली एकही चिठ्ठी तेथे नाही. तलवारीची लाकडी प्रतिकृती, मडक्याचे एखादे खापर किंवा जीवाश्माचा साचा हाताळायला ठेवला, तर त्याला फार पैसे लागणार नाहीत.

शेवटी त्याच पहारेकऱ्याने आम्हाला मागच्या ओसरीत नेले. तेथे भिंतीला टेकवून एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, उभी केलेली आहे, कमरेएवढी, काळ्या दगडाची, काचेशिवाय. ‘हात लावू द्या त्याले,’ तो म्हणाला. मुलाने खालून सुरुवात केली. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते, तेथे त्याला घोड्याचे पाय सापडले आणि त्याने ते मोजले. मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा असतात. तेथे तो बराच वेळ थांबला, कारण हात कोणाचा आणि कोणाच्या खांद्यावर, हे त्याला लागत नव्हते. वरच्या चौकटीत वीर शिवलिंगाची पूजा करतो, ते त्याने लगेच ओळखले, आमच्या गावच्या महादेवाच्या देवळात तो लहानपणापासून जातो. मग त्याची बोटे माथ्याशी गेली, एका गोल आकारावरून फिरली आणि शेजारच्या कोरीवर आली. ‘गुरुजी, हा चंद्र आहे का?’ त्याने विचारले. चंद्रच होता. सूर्य-चंद्र असेपर्यंत या वीराचे नाव राहो म्हणून ते कोरतात, हे मी त्याला सांगितले. त्या दगडापाशी आम्ही पाऊण तास होतो, आणि माझ्या मते त्या दिवशी आमची माफी सर्वांत अधिक वसूल झाली ती तेथे.

कार्डाविषयी एक गोष्ट राहिली. आम्ही बाहेर बसलो असताना एक शेतकरी आपल्या नातीला घेऊन आला. मळणीयंत्रात त्याचा उजवा हात कोपरापासून गेलेला होता. त्याने खिडकीवर दोन तिकिटे घेतली. मी त्याला माफीविषयी सांगितले, तेव्हा तो म्हणाला की कार्ड काढलेच नाही, कारण ऑनलाइन अर्ज, मग जिल्ह्याच्या रुग्णालयाची तारीख, मग तपासणी, अशा फेऱ्या सोयाबीनच्या दिवसांत कोण करतो. या योजनांसाठी सर्वसाधारणपणे ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि ते योग्यच आहे. पण ज्याचा हात डोळ्यांना दिसतो आहे त्याला वीस रुपयांच्या माफीसाठी कागद मागू नये, असे मी त्या कारकुनाशी बोललो. त्यानेही ते नाकारले नाही. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांनी ते जरूर काढावे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, तिचा लाभ मागतानाही प्रमाणपत्र उपयोगी पडते.

जाणाऱ्यांसाठी एवढे सांगतो: कार्डाची मूळ प्रत जवळ ठेवा, सुट्ट्यांचे दिवस टाळून सकाळी लवकर जा, आणि अंध मूल सोबत असेल तर ओसरीतल्या दगडापासून सुरुवात करा.

निघण्यापूर्वी मी अभिप्रायाची वही मागितली. त्या पहारेकऱ्याविषयी पहिल्या परिच्छेदात लिहिले. दुसऱ्यात दरफलकावर शेवटच्या ओळीऐवजी पहिली ओळ ‘दिव्यांग व्यक्ती व त्यांच्या एका सोबत्याला प्रवेश निःशुल्क’ अशी लिहावी, ही विनंती केली आणि एसटीच्या नियमाचा दाखला दिला. मुलाने आपली सही माझ्या सहीखाली केली, या वेळी बोट न धरता, आणि पत्नीने तिसरी सही केली. कारकुनाने वही वाचली, पान दुमडून खूण केली आणि साहेब आले की दाखवतो, असे म्हणाला. तुरी निघाल्या की आम्ही पुन्हा जाणार आहोत. तेव्हा फलक आधी पाहीन.